मोतीची वही



ज्या माणसाची छत्तीस वर्षे बँकेच्या खातेवह्यांत गेली, त्याला निवृत्तीनंतरही वही लिहिल्यावाचून चैन पडत नाही. घरखर्चाची वही, औषधपाण्याची वही, तीर्थयात्रेच्या खर्चाची वही अशा कितीतरी वह्या माझ्या टेबलावर आहेत. गेल्या दीड वर्षापासून त्यांत आणखी एका वहीची भर पडली आहे. तिच्या वेष्टनावर माझ्या नातीने रंगीत खडूने ‘मोती’ असे लिहिले आहे. मोती म्हणजे आमच्या घरचा लॅब्रडॉर जातीचा श्वान. त्याला आता चौदावे वर्ष लागले आहे, आणि त्याच्या जातीच्या मानाने हे पिकले पान आहे.

आजचे हे सदर त्या वहीतूनच उतरविले आहे. आपल्या समाजातील पुष्कळ घरी अलीकडे कुत्री पाळली जातात. मुलांच्या हट्टाने पिल्लू घरात येते. मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जातात. आणि म्हातारे झालेले कुत्रे म्हाताऱ्या होत चाललेल्या आईवडिलांपाशी राहते. त्याचे पाय थकले की काय करावे, हे कोणी शिकविलेले नसते. मलाही कोणी शिकविले नव्हते. माझ्या अज्ञानाची किंमत मोतीने मोजली. ती आणखी कोणा मुक्या जिवाला मोजावी लागू नये, एवढाच या लेखनामागील हेतू.

२०१२ च्या पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांनी बुटाच्या खोक्यातून हे पिल्लू घरी आणले, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच अट घातली होती, “ते चौक्याच्या उंबरठ्याच्या आत येता कामा नये.” मोतीने ती अट आजन्म पाळली. स्वयंपाक चालू असताना उंबरठ्याच्या बाहेर, पुढचे पाय जोडून आणि हनुवटी त्यांवर टेकून तो बसत असे. घराचा बाकी सगळा भाग मात्र त्याचाच होता.

कारंजातील आमच्या जुन्या घराला रस्त्यापासून ओट्यापर्यंत पाच दगडी पायऱ्या आहेत. दहा-अकरा वर्षे मोती त्या दोन उड्यांत चढत आला. पुढे केव्हातरी तो तिसऱ्या पायरीवर थांबू लागला. क्षणभर थांबायचा, वर बघायचा आणि मग मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा वर यायचा. मी कौतुकाने म्हणत असे, “मोतीराव, तुम्हीही सेवानिवृत्त झालात की काय!” ते शब्द आठवले की आज मन खजील होते. तो दमला म्हणून थांबत नव्हता. त्याला दुखत होते म्हणून थांबत होता.

कुत्रे सांध्याच्या दुखण्याने सहसा कण्हत किंवा ओरडत नाही. दुखणे लपविणे हा त्याच्या जातीचा स्वभाव आहे. म्हणून ते आपणच ओळखावे लागते. झोपेतून उठताना अवघडणे आणि चार पावले चालल्यावर मोकळे होणे, पायरीपाशी किंवा गाडीत चढताना थबकणे, मागच्या पायांची नखे जमिनीवर घासल्याचा आवाज येणे, एकच सांधा सारखा चाटणे, मांड्या बारीक दिसू लागणे, पाठीवर हात फिरविताच एरवी शांत असलेल्या प्राण्याने गुरगुरणे, या सगळ्या त्याच्या तक्रारी आहेत. आपण त्यांना ‘म्हातारपण’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो. म्हातारपण हा रोग नव्हे. म्हातारपणात होणारे रोग मात्र असतात, आणि त्यांतील बऱ्याच रोगांवर उपाय असतो.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात एका पहाटे मोतीला उठताच येईना. माझे स्वतःचे गुडघे दुखतात, त्यासाठी घरात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या असतात. माणसाला चालते ते कुत्र्याला अर्ध्या मात्रेत चालेल, असा हिशेब मी केला आणि सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी गोळी पोळीत घालून दिली. पहिल्या दिवशी तो चालू लागला. मला धन्यता वाटली. चौथ्या दिवशी त्याने अन्न सोडले, गडद तपकिरी रंगाची उलटी केली आणि डांबरासारखी काळी विष्ठा होऊ लागली. पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्तस्राव होत होता. पशुवैद्यकीय दवाखान्यात चार दिवस सलाईन लावावे लागले. डॉक्टर मला रागावले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले. ते एवढेच म्हणाले, “काका, गोळीचा डबा उघडण्याआधी एक फोन करायचा होता.”

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या शरीरातून माणसाप्रमाणे बाहेर पडत नाहीत. जठराच्या आतील अस्तराला आणि मूत्रपिंडांना त्यांनी गंभीर इजा होते. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. मांजराला तर त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. याच डायक्लोफेनॅकची आणखी एक कहाणी आपल्या देशात घडली आहे. ते गुरांना दिले जाई. मेलेल्या गुरांचे मांस खाणारी गिधाडे त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन हजारोंनी मेली. अखेर २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम या औषधाचा पुरस्कार झाला. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. माझ्या औषधांच्या पेटीवर आता लाल शाईने लिहिले आहे, ‘फक्त माणसांसाठी’.

मोती सावरल्यावर आम्ही त्याला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थेत नेले. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत ही संस्था येते आणि आपल्या भागातील लोकांना ती जवळ पडते. तेथे क्ष-किरण चित्र काढले. खुब्याच्या दोन्ही सांध्यांची झीज झालेली होती आणि कमरेच्या मणक्यांवर हाडांची टोके वाढलेली होती. सोबत रक्ताचीही तपासणी केली. ती आवश्यक असते. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार आढळतो. त्यात सांधे सुजतात, कुत्रे लंगडते, आणि आपण समजतो की वय झाले. त्या तापावर औषध वेगळे असते. शिवाय वेदनाशामक बरेच दिवस द्यावयाचे तर मूत्रपिंडे व यकृत कसे आहे हे आधी कळावे लागते, आणि पुढेही ठरावीक काळाने पाहावे लागते. पोटातील व्रण पूर्ण भरून आल्यानंतर डॉक्टरांनी मोतीला त्याच्या वजनाप्रमाणे मोजून मेलॉक्सिकॅम सुरू केले. ते उपाशीपोटी द्यायचे नाही, उलटी किंवा काळी विष्ठा दिसताच थांबवायचे आणि कळवायचे, हे त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतले. ती या वहीतील पहिली नोंद.

दुसरी नोंद वजनाची. धान्याच्या अडतीवरील मोठ्या काट्यावर मोतीला उभे केले, तेव्हा काटा ३८ किलोवर थांबला. त्याच्या उंचीला ३१ किलो पुरे होते. म्हणजे झिजलेल्या सांध्यांवर तो रात्रंदिवस सात किलोचे पोते वाहत होता, आणि ते पोते आम्हीच प्रेमाने त्याच्या पाठीवर ठेवले होते. तुपाची पोळी, शिऱ्याचा घास, पाहुण्यांनी आणलेला पेढा, नातीच्या हातातील अर्धे बिस्कीट! अमेरिकेत ४८ लॅब्रडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रकाशित झाले. जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न दिले गेले. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्या सांध्यांचे दुखणेही पुष्कळ उशिरा सुरू झाले. आपल्याकडे ऊनोदर म्हणजे पोट थोडे रिकामे ठेवून उठणे हे तप सांगितले आहे. मोतीला ते तप आम्ही सक्तीने करविले. डॉक्टरांच्या सल्ल्याने मापून अन्न, दिवसातून दोन वेळा, मधले सगळे घास बंद. सहा-सात महिन्यांत तो ३२ किलोवर आला. औषधाइतकाच गुण या एका गोष्टीने आला, असे माझी वही सांगते.

आहाराबाबत आपल्या घरांत काही प्रश्न विशेष उद्भवतात, म्हणून ते सांगतो. कुत्रे हे मांजरासारखे केवळ मांसावरच जगणारे नाही. नीट समतोल केलेल्या शाकाहारावर ते निरोगी राहू शकते. परंतु दूध-पोळी म्हणजे समतोल आहार नव्हे. म्हातारपणी स्नायू झडतात, त्यासाठी प्रथिने पुरेशी हवीत. म्हणून खाद्य पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे. आम्ही तयार शाकाहारी खाद्य आणि त्यासोबत थोडे घरचे पनीर किंवा उकडलेले सोयाबीन देतो. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. ती अडचण आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नाही. परंतु द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि आपल्या शिऱ्यात व खिरीत बेदाणे असतात, हे लक्षात ठेवावे. चॉकलेटही वर्ज्य.

सांध्यांसाठी माशाचे तेल द्यावे, असे पुष्कळजण सांगतात. आमच्या घरी त्यावर दोन दिवस खल झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “एका जिवाचे पाय बरे करायला किती जिवांचे तेल काढायचे?” डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले की माशांच्या तेलातील जो उपयोगी अंश, तो मुळात पाण्यातील सूक्ष्म शैवालात तयार होतो, आणि शैवालापासून काढलेले तेलही मिळते. आपल्याकडील जवसातही त्याच कुळातील अंश असतो, परंतु कुत्र्याचे शरीर त्याचे रूपांतर फार थोडे करू शकते. म्हणून जवसाच्या चटणीवर आपण विसंबावे, कुत्र्याला विसंबवू नये. ग्लुकोसॅमिनच्या गोळ्या बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून करतात, आणि त्यांच्या उपयोगाचा पुरावाही भक्कम नाही. त्या न दिल्याची टोचणी कोणी मनाला लावून घेऊ नये. वजन, जमीन, चालणे आणि योग्य वेदनाशामक या चार गोष्टींचे महत्त्व अशा पूरक गोळ्यांहून फार अधिक आहे.

जमीन म्हणालो, ती तिसरी नोंद. आमच्या जुन्या खोल्यांत शहाबादी फरशी आहे, पण मुलाने बांधलेल्या पुढच्या खोल्यांत काचेसारख्या गुळगुळीत टाईल्स आहेत. तेथे मोतीचे मागचे पाय दोन दिशांना घसरत. प्रत्येक घसरण म्हणजे दुखऱ्या सांध्याला हिसका, आणि दोनदा पडला की प्राणी भीतीनेच उठणे सोडतो. आम्ही त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्यांची सलग वाट टाकली. सतरंजीखाली रबराची जाळी घातली, नाहीतर सतरंजीसकट घसरतो. वाढलेली नखे कापली. पंजांच्या गाद्यांमधील केस बारीक केले, कारण ते वाढले की पायाला पकड मिळत नाही. या साऱ्याला खर्च जवळजवळ नाही, आणि गुण दुसऱ्याच दिवशी दिसला.

अंथरूण जाड हवे, पण त्यात प्राणी रुतून बसेल इतके मऊ नको. बसल्यावर कोपर जमिनीला लागू नये, हे माप. आम्ही कापसाची घट्ट गादी करून तिला धुता येईल अशी खोळ शिवली आणि ती वाऱ्याच्या झोतापासून दूर, पण घरातील माणसे दिसतील अशा जागी ठेवली. एकांतात टाकलेले म्हातारे कुत्रे लवकर खचते. अन्नाचे व पाण्याचे भांडे लहान पाटावर ठेवले, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही.

पाच पायऱ्यांवर सुताराकडून फळ्यांची उतरण करून घेतली. चढण अडीच फुटांची, म्हणून उतरण दहा फूट लांब. आखूड केली तर ती इतकी उभी होते की पायऱ्या बऱ्या. वर गोणपाट ताणून ठोकले आणि दोन्ही कडांना चार बोटे उंचीच्या पट्ट्या लावल्या. पहिले तीन दिवस मोती त्यावर पाय ठेवीना. मग नात पुढे चालली, आणि तिच्यामागे तो गेला.

मागच्या पायांत बळ नसते त्या दिवशी झोळीचा आधार द्यावा. सौभाग्यवतींच्या जुन्या सुती साडीची चौपदरी पट्टी करून ती पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढून घ्यायची आणि दोन्ही टोके वर धरून चालायचे. नर असेल तर मूत्राची जागा झाकली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. त्याला अधांतरी उचलावयाचे नाही. पायांवरचा थोडा भार आपल्या हातावर घ्यावयाचा. शेपटीला किंवा पायाला धरून कधीही उठवू नये. गाडीत चढविताना दोघांनी मिळून उचलावे, एकाने छातीखाली आणि दुसऱ्याने कमरेखाली हात घालून. हे करताना आपली स्वतःची कंबर सांभाळावी, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चालणे बंद करू नये. विश्रांतीने सांधा बरा होतो, असा माझा समज होता. पण बसून राहिले की स्नायू झडतात आणि सांध्याचा सगळा भार हाडांवर येतो. पूर्वी आम्ही पहाटे तासभर फिरत असू. आता दहा-दहा मिनिटांच्या चार फेऱ्या, रोज सारख्याच. मुले सुट्टीत आली की लाडाने त्याला लांब नेतात आणि पुढचे तीन दिवस तो उठत नाही, म्हणून त्यांनाही नियम घालून दिला आहे. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते केवळ धापा टाकून अंग निववते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास आणि रात्रीच बाहेर काढावे. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर टेकून पाहावा. आपल्याला पाच-सात क्षण सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. थंडीत मात्र सकाळी निघण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून दहा मिनिटे खुब्याला शेक द्यावा आणि मांड्यांवरून हलक्या हाताने चोळावे. पिशवी आधी आपल्या मनगटावर लावून बघावी. ज्याला पटकन बाजूला होता येत नाही, त्याला चटका बसल्याचे आपल्याला उशिरा कळते.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्न नाही. मोतीचे जेवण आणि त्याबरोबरचे औषधही त्यामुळे दिवे लागण्यापूर्वीच उरकते, आणि त्याने काही बिघडत नाही. पाण्याबाबत मात्र माझे व सौभाग्यवतींचे एकदा बोलणे झाले. रात्री अंथरुणात लघवी होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवावे, असे मी सुचविले. त्या म्हणाल्या, “अहो, चौविहाराचा नियम आपण घेतला आहे, त्याने घेतलेला नाही.” अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपेल त्याहून अधिक भार घालणे आणि अन्नपाणी तोडणे. त्या रात्री मी त्या यादीशी माझा हिशेब ताडून पाहिला. घसरतो म्हणून मी त्याला काही दिवस साखळीला बांधून ठेवले होते. लाडाने सात किलोचा भार त्याच्यावर चढविला होता. आणि आता माझ्या चादरींच्या सोयीसाठी त्याचे पाणी तोडायला निघालो होतो. पाचांपैकी तीन! चाबूक हाती न घेताही अतिचार घडतात, हे मला तेव्हा नव्याने कळले. पाण्याचे भांडे जागेवर राहिले. मी रात्री दोनचा गजर लावून त्याला एकदा बाहेर नेऊ लागलो. तसेही त्या सुमारास मला उठावेच लागते.

पुढे एखादा प्राणी अंथरुणाला खिळलाच, तर दर तीन-चार तासांनी त्याची कूस बदलावी. कोपर, खुबा, घोटा या हाडांच्या जागी कातडी लाल झाली आहे का, हे रोज पाहावे. मूत्राने भिजलेला भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा. पावसाळ्यात लहानशा जखमेवरही माशी बसून दोन दिवसांत अळ्या पडतात. तशी शंका येताच घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्यावे. मागचे पाय अचानक लुळे पडले, किंवा लघवी पूर्ण अडली, तर ते म्हातारपण नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

‘एवढे सगळे एका कुत्र्यासाठी?’ असा प्रश्न मला शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारला. काही घरांतून म्हातारे कुत्रे गाडीत घालून दूरच्या गावाबाहेर सोडून येतात, हे आपण सारे जाणतो आणि त्याबद्दल बोलत नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे प्राण्याची योग्य काळजी घेणे व त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पण त्या गृहस्थांना मी कायदा सांगितला नाही. मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. १८३२ साली तेथील इंग्रजी अंमलदारांनी रस्त्यावरची कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि इतर समाजही त्याच्या साथीला आला. बाजार बंद पडले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे पारशी आणि मोतीशा शेठ यांच्यासारखे जैन व्यापारी एकत्र आले आणि मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. निरुपयोगी झालेल्या प्राण्याला मरेपर्यंत जागा आणि अन्न मिळावे, ही ती कल्पना. ज्यांच्या पूर्वजांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी पेढ्या बंद ठेवल्या, त्यांनी घरच्या कुत्र्यासाठी एक सतरंजी अंथरायला काय हरकत आहे?

आता वहीतील शेवटचा रकाना. रोज रात्री मी पाच गोष्टींची नोंद करतो. आपणहून उठला का, आवडीने जेवला का, लघवी-शौचाला बाहेर गेला का, रात्री शांत झोपला का, आणि कोणाला पाहून शेपूट हलविली का. पाचांपैकी तीनला होय असेल तर तो दिवस जमेच्या बाजूला, नाहीतर नावे. डॉक्टरांनाही या वहीचा उपयोग होतो, कारण ‘बरा आहे’ या दोन शब्दांवरून त्यांना काहीच कळत नाही. गेल्या श्रावणात ३० दिवसांत जमेचे १३ दिवस होते. तेव्हा मुलीने पुण्याहून फोनवर रडत विचारले, “बाबा, त्याला असे किती दिवस ठेवायचे? इंजेक्शन देऊन सोडवणे हीच दया नाही का?” सौभाग्यवती उठून देवघरात गेल्या. मला दोघींचेही दुःख समजत होते आणि दोघींपैकी एकीलाही उत्तर देता येत नव्हते.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “काका, मरण आणणे आणि वेदना नुसत्या बघत बसणे, या दोहोंच्या मध्ये पुष्कळ काही करण्यासारखे असते. आधी ते सगळे करून पाहू.” त्यांनी मज्जातंतूंच्या वेदनेवरचे दुसरे औषध जोडले, मात्रा बदलल्या, शेक व कूस बदलण्याचे वेळापत्रक करून दिले. आश्विनात जमेचे २१ दिवस झाले. मी मुलीला वहीच्या त्या पानाचे छायाचित्र पाठविले. तिचे मत बदलले की नाही, मला ठाऊक नाही. उद्या जमेच्या बाजूला एकही दिवस उरला नाही तर मी काय करीन, हेही मला आज सांगता येत नाही. त्या प्रसंगातून गेलेल्या कोणालाही मी दोष देणार नाही. एवढेच म्हणेन की निर्णय आपल्या थकव्यावरून होऊ नये, त्याच्या वेदनेवरून व्हावा. आणि वेदना किती हे वही लिहिल्यावाचून कळत नाही.

जीवंधरस्वामींची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याजवळ तो राजपुत्र बसला आणि त्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र सांगितला. ते कुत्रे पुढे यक्षयोनीत जन्मले आणि आयुष्यभर त्याचे उपकार स्मरत राहिले. लहानपणी मला त्या कथेतील यक्षाचे नवल वाटे. आता नवल वाटते ते राजपुत्राच्या जमिनीवर बसण्याचे. सगळे निघून जात असताना तो थांबला.

काल संध्याकाळची नोंद लिहून हे पान संपवितो. मोतीला उंबरठ्यापर्यंतही येता आले नाही. तो सतरंजीच्या वाटेवर अर्ध्यातच बसला. सौभाग्यवतींनी क्षणभर पाहिले आणि चौक्यातून ताटली घेऊन त्या बाहेर आल्या. त्यांचेही गुडघे वाकत नाहीत. भिंतीचा आधार घेत घेत त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि हाताने घास भरवू लागल्या. दोघांनाही उठताना माझा हात लागला. वहीत लिहिले: आपणहून उठला, नाही. जेवला, होय. बाहेर गेला, झोळीने. शेपूट हलविली, दोनदा. झोपेचा रकाना सकाळी भरला: शांत.

जमेचा दिवस.